मुलीने हायस्कूलमध्ये ग्रीक-रोमन मिथॉलॉजी घेतली आहे, घेऊ द्यावी का?

प्रश्न: आम्ही दोन वर्षांपूर्वी पुण्याहून न्यू जर्सीला आलो. मुलगी यंदा दहावीत जाईल. इलेक्टिव म्हणून तिने कम्प्युटर सायन्स सोडून ग्रीक-रोमन मिथॉलॉजी निवडली आहे. परक्या देवांच्या गोष्टी शिकून काय मिळणार? आपल्याच गोष्टी तिला अजून धड ठाऊक नाहीत. कुणी हा विषय घेतला असल्यास कृपया सांगावे.

उत्तर:

मी घेतला होता. २००७ साली, न्यू जर्सीतच, अकरावीत असताना. आवड वगैरे काही नव्हती. माझ्या वेळापत्रकात तिसऱ्या तासाला तेवढा एकच विषय बसत होता. नाशिकहून येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. इंग्रजी वाचता यायचं, पण वर्गात तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटायचा. वाटलं, देवांच्याच गोष्टी आहेत, आजीच्या मांडीवर ऐकल्या तशाच असणार, निभावून नेऊ.

पहिल्याच चाचणीत आपटले. प्रश्न साधा होता: मेडूसा कोण? मी लिहिलं, ती एक सुंदर मुलगी होती, देवीच्या कोपाने तिच्या केसांचे साप झाले. बाईंनी अर्धेच मार्क दिले आणि बाजूला लाल पेनाने लिहिलं, ‘कुणाच्या मते?’

मला वाटलं, हा काय प्रश्न झाला? गोष्ट ती गोष्ट. पण मी लिहिली होती ती ओव्हिडची मेडूसा. ओव्हिड रोमन कवी, इसवी सनाच्या सुरुवातीचा. त्याच्याही सुमारे सातशे वर्षं आधी हेसिअड नावाच्या ग्रीक कवीने मेडूसाबद्दल लिहिलंय, आणि तिथे शापाचं नावही नाही. ती गॉर्गन नावाच्या तीन राक्षसी बहिणींपैकी एक, तिघींत फक्त तिलाच मरण आहे, आणि समुद्रदेव पोसायडन तिच्याशी फुलांच्या कुरणात संग करतो. बस. ओव्हिडकडे मात्र तोच देव रोमन नावाने नेपच्यून होतो, मिनर्व्हा देवीच्या देवळात तिच्यावर बळजबरी करतो, देवी तोंड फिरवते आणि शिक्षा करते ती मेडूसाला. त्याला काही नाही! गोष्ट तीच, पात्रंही बरीचशी तीच, पण न्याय-अन्यायाचा सगळा तोल बदलला.

मग मी हुशारी दाखवायला निबंध लिहिला. ऑगस्टस बादशहाने ओव्हिडला इसवी सन ८ मध्ये काळ्या समुद्राकाठी टोमिसला हद्दपार केलं (आजच्या रुमानियातलं कॉन्स्टान्ट्सा), त्या रागातून त्याने असे अन्यायी देव रंगवले, असा माझा मुद्दा. फार खूश होते मी त्यावर. बाईंनी एवढंच विचारलं, ‘तारखा पाहिल्यास का?’ मेडूसाची गोष्ट ज्यात आहे ते काव्य हद्दपारीच्या आधीच जवळपास लिहून झालं होतं. निबंध दुसऱ्यांदा लिहावा लागला.

हे एवढं लांबण लावून सांगतेय कारण तुमचा प्रश्न ‘परक्या देवांच्या गोष्टी’ असा आहे, आणि या विषयात गोष्टी पाठ असणं ही फक्त पहिली पायरी असते. लहानपणी या देवांवरच्या कादंबऱ्या वाचून आलेली मुलं सुरुवातीला फार फुशारक्या मारतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गप्प होतात. वर्षभर विचारलं जातं ते ‘कोण सांगतंय, कधी, कुणाला’.

शिकवतात काय, तर शाळेगणिक फरक आहे. आमच्याकडे एडिथ हॅमिल्टन यांचं १९४२ सालचं पुस्तक कण्यासारखं होतं. अजूनही कितीतरी शाळांत तेच चालतं. वाचायला सोपं आहे, पण सगळ्या खरबरीत जागांवर रंधा फिरवलेला आहे. म्हणून बाई शेजारी मूळ काव्यांचे तुकडे द्यायच्या. ओडिसी, म्हणजे ग्रीक कवी होमरचं महाकाव्य, बहुतेक मुलांनी नववीतच वाचलेली असते. तुमच्या मुलीने वाचली नसेल तर सुट्टीत वाचू द्या. एमिली विल्सन यांचं २०१७ चं भाषांतर घ्या, आम्हाला ते मिळालं नाही याचं मला वाईट वाटतं. शेवटाकडे ओडिसियस घरी परततो तेव्हा त्याच्या घरातल्या बारा दासींना फासावर लटकवलं जातं. त्या प्रसंगी जुन्या काही इंग्रजी भाषांतरांत दासींना सरळ शिव्या घातल्यात. मूळ ग्रीकमध्ये त्या जागी शिवी नाहीच. ती भाषांतर करणाऱ्या पुरुषांनी पदरची घातली.

मला सगळ्यांत जास्त लक्षात राहिलाय तो सार्पेडॉन. त्या वर्षी शरद ऋतूत शाळेची सहल न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेली. तिथे एक मोठं मातीचं भांडं होतं, दारूत पाणी मिसळायचं, युफ्रोनिऑस नावाच्या चित्रकाराने अडीच हजार वर्षांपूर्वी रंगवलेलं. देवांचा राजा झ्यूस, त्याचा मुलगा सार्पेडॉन ट्रॉयच्या युद्धात पडलाय, जखमांतून रक्ताच्या धारा लागल्यात, आणि झोप आणि मृत्यू हे दोन जुळे भाऊ त्याचं शव उचलताहेत. होमरच्याच दुसऱ्या महाकाव्यात, इलियडच्या सोळाव्या सर्गात हा प्रसंग आहे. मुलगा मरणार हे झ्यूसला आधीच कळतं. उचलून आणू का त्याला रणातून, असं तो आपल्या बायकोला, हेराला विचारतो. ती म्हणते, आण की, पण मग बाकीचे देवही आपापली पोरं वाचवायला निघतील. तो गप्प बसतो आणि पृथ्वीवर रक्ताचा पाऊस पाडतो.

मी त्या भांड्यासमोर उभी राहून अभिमन्यूचा विचार करत होते. सख्खा मामा कृष्ण, आणि भाचा चक्रव्यूहात एकटा. वर्गात परतल्यावर पहिल्यांदा आपणहून हात वर केला आणि तुटक्या इंग्रजीत हे सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, ‘साम्य कुणालाही दिसतं. फरक कुठे आहे ते सांग.’ दोन दिवस डोकं खाजवलं. झ्यूसला मुलगा वाचवावासा वाटतो आणि तो हतबल आहे. कृष्ण त्या वेळी रणाच्या दुसऱ्या टोकाला अर्जुनाचा रथ हाकतोय, आणि त्याच्या मनात काय चाललं होतं याबद्दल आजीचं एक मत होतं, कीर्तनकारांचं दुसरं. दोन्ही मतं मी लिहिली. पूर्ण मार्क मिळाले, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

(त्या भांड्याची पुढची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९७२ मध्ये संग्रहालयाने ते दहा लाख डॉलरला घेतलं होतं, पण ते इटलीतल्या थडग्यातून चोरून उकरलेलं निघालं. आमच्या सहलीनंतर थोड्याच महिन्यांत, जानेवारी २००८ मध्ये, ते इटलीला परत गेलं. आता रोमजवळ चेर्वेतेरीला आहे.)

आता तुमची खरी धास्ती. आपल्या गोष्टी राहून जातील का? माझ्या बाबतीत उलटं झालं. डिमीटर आणि पर्सेफनीची गोष्ट वाचताना वर्गातल्या मुलांना दिसला तो ऋतूंचा उगम: मुलगी पाताळात गेली, आईने शोकात धान्य उगवू दिलं नाही, वगैरे. मला दिसली लेक सासरी गेलेली आई. आमच्याकडे गौरी तीन दिवसांसाठी माहेरी येतात आणि तिसऱ्या दिवशी त्यांना निरोप देताना आजीचे डोळे भरायचे. जुन्या ग्रीक स्तोत्रात पर्सेफनी वर्षाचा तिसरा हिस्सा पाताळात राहते, ओव्हिडकडे अर्धं वर्ष. म्हणजे माहेरपणाचे दिवससुद्धा सांगणाऱ्याप्रमाणे कमी-जास्त! त्या रात्री मी आजीला फोन लावून विचारलं की आपल्या गौरी नेमक्या कोण. तिने एक गोष्ट सांगितली, मागून आत्याने फोन ओढून दुसरी सांगितली, आणि दोघींचं तिथेच वाजलं.

एक गोष्ट मात्र खुपली होती, ती लपवत नाही. ‘मिथ’ हा शब्द ग्रीक देवांना लावला तेव्हा काही वाटलं नाही; झ्यूसला नैवेद्य दाखवणारं कुणी माझ्या ओळखीचं नव्हतं. शेवटच्या दोन आठवड्यांत तुलनेसाठी ‘इंडियन मिथ्स’ आले तेव्हा कानशिलं तापली. ज्याच्यासमोर आई रोज निरांजन लावते त्याला एका तक्त्यात थॉरशेजारी बसवलेलं. मी ते बोलून दाखवलं. बाईंनी तास थांबवून त्यावर चर्चा घेतली. सगळेच शिक्षक तसं करतील याची हमी नाही. तुमच्या मुलीला ते टोचलं तर गप्प बसू नकोस, एवढं आधी सांगून ठेवा. आणि हेही की ओव्हिडमध्ये बळजबरीचे प्रसंग पानोपानी आहेत. तिला घरी त्याबद्दल बोलायचं असेल तर ऐकून घ्या.

ग्रीक आणि रोमन नावांच्या जोड्यांची चाचणी हमखास असते. झ्यूस-ज्युपिटर, अथीना-मिनर्व्हा, अपोलो दोन्हीकडे अपोलोच. पण तिने जोड्या पाठ करून थांबू नये. एरीस आणि मार्स दोघेही युद्धदेव, पण इलियडमध्ये खुद्द झ्यूस एरीसला सांगतो की सगळ्या देवांत मला तुझाच सर्वांत तिटकारा आहे. उलट रोमन लोकांनी मार्सला रोम वसवणाऱ्या रोम्युलसचा बाप, म्हणजे आपला मूळपुरुष मानलं. जेनस या दोन तोंडांच्या देवाला तर ग्रीक जोडीदारच नाही. आणि एक दिवस बाईंनी फळ्यावर ‘झ्यूस पाटेर’, ‘ज्युपिटर’ आणि ऋग्वेदातला ‘द्यौष्पिता’ एकाखाली एक लिहिले, तेव्हा अख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. मला तो शब्द तेव्हाच पहिल्यांदा कळत होता, पण मान हलवली.

व्यवहाराचं बोलायचं तर, या एका विषयाने कॉलेजप्रवेशात काही जादू होत नाही. मार्क चांगले आले तर सरासरीला हातभार लागतो, आणि लिहायची सवय लागते ती पुढे सगळीकडे उपयोगी पडते. मी स्वतः आज डेटाबेसचं काम करते. कम्प्युटर सायन्स बहुधा पुढच्या वर्षीही घेता येईल. मिथॉलॉजी सगळ्या शाळांत दरवर्षी उघडत नाही, मुलं कमी पडली की बंद. विषय अर्ध्या वर्षाचा आहे की पूर्ण, आणि त्याचं क्रेडिट इंग्रजीत धरतात का, हे कौन्सेलरला विचारा. अर्ध्या वर्षाचा असेल तर कदाचित दोन्ही बसतील.

आणि पुढच्या सुट्टीत भारतात याल तेव्हा वाट वाकडी करून कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात जा. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर गेल्या शतकात उत्खनन झालं, त्यात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथली आहे. रोमशी व्यापार चालायचा तेव्हा आलेली. मी लग्नानंतर अंबाबाईच्या दर्शनाला गेले होते तेव्हा पाहिली. सासूबाई म्हणाल्या, कुणाची गं ही मूर्ती? मी सुरुवात केली, ‘त्याचं असं आहे, कुणाच्या मते विचाराल तर…’ तोवर त्या पुढच्या दालनात गेल्या होत्या.