पासवर्ड बरोबर असूनही लिनक्स पुन्हा लॉगिन स्क्रीनवरच आणत असेल, तर सगळे नव्याने इन्स्टॉल करावे का?

नाही, इन्स्टॉल करू नका. तुम्ही लिहिले आहे की मिंट ही लिनक्सची आवृत्ती नव्याने टाकली, होमचे, म्हणजे वापरकर्त्यांच्या स्वतःच्या फायलींचे, जुने पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) तसेच ठेवले, आता पासवर्ड टाकल्यावर स्क्रीन क्षणभर काळी होते आणि पुन्हा लॉगिनच समोर येते. शिवाय नंतर जोडलेल्या दुसऱ्या खात्यातून सुडो, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने काम करू देणारी आज्ञा, चालत नाही. होमचे पार्टिशन जुने ठेवले, याच वाक्यापाशी मी थांबलो, कारण याच कारणावरून नागपुरातील एका वाचनालयात माझा मोठा वाद झाला होता आणि त्या वेळी माझे म्हणणे कोणी ऐकून घेतले नव्हते.

पासवर्ड चुकल्याचा संदेश येत नसेल, तर पासवर्डमध्ये दोष नाही. दार उघडले आहे, पण आत गेल्यावर तुमचे सत्र सुरू होऊ शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून टर्मिनलच्या स्क्रीनवर जा आणि तेथून लॉगिन करा. तेथे होम डिरेक्टरीत जाता येत नाही अशी सूचना आली, तर उत्तर तुमच्या हाती आले आहे. सूचना आली नाही तरी होममधील फायलींची यादी लपलेल्या फायलींसह लांब स्वरूपात (ls -la) काढा आणि मालकाचा रकाना वाचा. तुमच्या नावाऐवजी तेथे रूट (सर्वाधिकार असलेले प्रशासकाचे खाते) किंवा एखादा नुसता आकडा दिसत असेल, तर मालकी बिघडली आहे.

आता वाचनालयाची गोष्ट. तेथील संगणक मी हौसेने सांभाळतो. त्यांवर सेंटओएस ६ होते, म्हणजे रेड हॅट कंपनीच्या लिनक्सवरून बनवलेली आवृत्ती. २०२० च्या ३० नोव्हेंबरला तिच्या अपडेटची मुदत संपली, आणि पुढच्या वर्षी वाचनालय उघडल्यावर समितीने सीताबर्डीच्या बाजारातील एका दुकानातून माणूस बोलावून कार्यालयातील मुख्य संगणकावर डेबियन ही लिनक्सची दुसरी आवृत्ती टाकून घेतली. होमचे पार्टिशन त्याने जपले, ते योग्यच केले. मग स्वतःसाठी एक खाते उघडून त्याने ग्रंथपाल मॅडम आणि इतर कर्मचाऱ्यांची खाती जुन्याच नावांनी जोडली. नावे तीच, पासवर्ड नवे, आणि एकालाही लॉगिन करता येईना. त्याने सगळे पुन्हा इन्स्टॉल केले, तरीही तेच घडले, आणि तसेच घडणार होते.

लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, फाइलच्या मालकाचे नाव लिहून ठेवत नाही, क्रमांक लिहून ठेवतो. वाचनालयाच्या पुस्तकातील कार्डावर सभासदाच्या नावाऐवजी सभासद क्रमांक असतो, तसेच हे आहे. रजिस्टर बदलून सगळ्यांना नवे क्रमांक दिले, तर जुनी कार्डे कोणाचीच राहत नाहीत. रेड हॅटच्या घराण्यात सहाव्या आवृत्तीपर्यंत सामान्य खात्यांचे क्रमांक ५०० पासून सुरू होत, सातव्या आवृत्तीपासून ते १००० झाले. डेबियनमध्ये सुरुवात १००० पासूनच होते. त्यामुळे मॅडमचे नवे खाते हजाराच्या पुढचे होते आणि त्यांच्या फायली मात्र ५०१ च्या मालकीच्या होत्या. सेंटओएसमधील होम डिरेक्टरी ७०० परवानगीची, म्हणजे मालकाशिवाय कोणालाही बंद. यात मशीनचे काहीही चुकले नव्हते. उलट, डेबियनमध्ये आधीपासून असलेल्या होमवर नवे खाते जोडताना 'ही होम डिरेक्टरी तुम्ही तयार करत असलेल्या वापरकर्त्याच्या मालकीची नाही' अशी इशाऱ्याची ओळ स्क्रीनवर येते. ती ओळ प्रत्येक खात्याच्या वेळी आली असणार, आणि प्रत्येक वेळी एंटर दाबून ती वर सरकवली गेली.

मी जाईपर्यंत त्याने उपाय करून टाकला होता. संपूर्ण होमवर, आतल्या प्रत्येक फायलीसह, ७७७ ची परवानगी, म्हणजे कोणीही वाचावे, बदलावे, चालवावे अशी मुभा, लावून दिली होती. "भाऊ, लॉगिन झालं ना? मग झालं!" असे तो म्हणाला, आणि समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी त्याला दुजोरा दिला की सगळी घरचीच माणसे आहेत, लपवायचे काय आहे. मला हे तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. परवानगीचा संबंध माणसांवरच्या अविश्वासाशी नसतो; कोणती फाइल कोणाच्या जबाबदारीची आहे याची ती नोंद असते, आणि ७७७ ने ती नोंद पुसली जाते.

दरम्यान आणखी एक गोष्ट बंद पडली होती. देवघेवीच्या नोंदींची प्रत रोज रात्री दुसऱ्या खोलीतील संगणकावर जात असे. ते काम मॅडमच्या खात्यातून, एसएसएचच्या (दुसऱ्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) किल्लीने होत असे, आणि भिंतीवरच्या माझ्या कागदावरून दुकानाच्या माणसाने ते नव्या सिस्टिममध्ये पुन्हा लावलेही होते. पण खात्यातील एसएसएचची कॉन्फिग फाइल दुसऱ्याच्या मालकीची असेल किंवा इतरांना बदलता येत असेल, तर एसएसएच पुढे जातच नाही. काम रात्री ठरलेल्या वेळी सुरू होई आणि एसएसएचने नकार दिल्यामुळे तेथेच संपे. मी दुसऱ्या संगणकावरील शेवटच्या प्रतीची तारीख दाखवली, तेव्हा ती नव्या इन्स्टॉलेशनच्या आदल्या दिवसाची निघाली. त्यानंतर मात्र कोणी काही बोलले नाही.

खरी दुरुस्ती साधी होती. रूटच्या अधिकाराने 'चोन' (chown) ही मालक बदलणारी आज्ञा प्रत्येकाच्या होम डिरेक्टरीवर, आतल्या फायलींसह, चालवून मालकी नव्या खात्याच्या नावे केली, डिरेक्टरींना ७०० आणि फायलींना ६०० (फक्त मालकाने वाचावे-लिहावे) परवानगी दिली, आणि ज्या मोजक्या स्क्रिप्ट चालवायच्या होत्या त्यांना ती परवानगी वेगळी दिली. तुम्हीही हेच करा. मात्र 'चोन' फक्त आपल्या होम डिरेक्टरीवर चालवा. संपूर्ण सिस्टिमच्या मूळ डिरेक्टरीवर (/) चालली तर सुडोच्या फाइलची मालकीही बदलते आणि सुडो पूर्ण बंद पडतो. ग्राफिक प्रोग्रॅम सुडोने उघडल्यामुळे नुसती एक्सऑथॉरिटी (.Xauthority, होममधील ग्राफिक लॉगिनची लपलेली फाइल) रूटच्या नावे झाली असेल, तर तेवढ्या एकाच फायलीची मालकी बदलणे पुरते.

दुसऱ्या खात्याचे उत्तर थोडक्यात देतो. मिंटमध्ये खाते जोडताना त्याचा प्रकार 'स्टँडर्ड' राहिला असेल, तर ते सुडो गटात नसते. पहिल्या खात्यातून त्याला 'अॅडमिनिस्ट्रेटर' करा आणि दुसऱ्या खात्यातून पूर्ण लॉगआउट करून परत या, कारण गटांची यादी लॉगिनच्या वेळी वाचली जाते. टर्मिनलमधून 'यूझरमॉड' (usermod) ही खाते बदलणारी आज्ञा वापरणार असाल, तर गट जोडताना 'ए' (-a) हा पर्याय विसरू नका. त्याशिवाय आधीचे जोडलेले सगळे गट निघून जातात. सुडो असलेले एकही खाते उरले नसेल, तर ग्रबमधील (संगणक सुरू होतानाच्या मेनूतील) रिकव्हरी मोडने रूट शेल, म्हणजे रूटच्या अधिकाराचे टर्मिनल, मिळते.

मालकी ठीक निघाली, तर डिस्क भरली आहे का ते पाहा. ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिममध्ये (डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीत) सामान्यतः पाच टक्के जागा रूटसाठी राखीव असते, म्हणून भरलेल्या डिस्कवर रूटला काम करता येते आणि तुम्हाला मात्र लॉगिन होत नाही. आपल्याकडे मे महिन्यात वीज अचानक जाते. यूपीएस नसेल तर फाइलसिस्टिममध्ये दोष येऊन ती फक्त वाचण्यापुरती माउंट होते, आणि लक्षण हेच दिसते. नवा ग्राफिक्स ड्रायव्हर टाकला असेल, तर त्याच्याकडेही बघा.

एक गोष्ट मी आधीच सांगायला हवी होती. इन्स्टॉल करताना किंवा जुन्या सिस्टिमवर तुम्ही होम फोल्डर एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करण्याचा पर्याय निवडला असेल, तर वरचे काहीही करण्याआधी जुना पासवर्ड शोधा आणि रूटकडून पासवर्ड बदलू नका. त्या फोल्डरची किल्ली तुमच्या जुन्या पासवर्डनेच बंद केलेली असते. रूटने खात्याचा पासवर्ड बदलला तरी ती किल्ली नव्या पासवर्डने उघडत नाही.