लिनक्सवर चालणारा डीव्हीडी रायटर कोणता घ्यावा? खोक्यावर फक्त विंडोज आणि मॅक लिहिलंय.

खोक्यावर काय लिहिलंय ते सोडून द्या. हल्लीचे सगळे रायटर एमएमसी नावाचा एकच ठरलेला आज्ञासंच बोलतात आणि कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, तो कळतो. ड्राइव्ह जोडला की एसआर० (sr0) या नावाने दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. २.४ कर्नलच्या काळात आयडीई या जुन्या जोडणीच्या रायटरला स्कझी या दुसऱ्या जोडणीचं सोंग घ्यायला लावावं लागायचं, हे खरं. पण २००३ साली २.६ आलं आणि ती कटकट संपली. तरी लोक अजून तेच उगाळतात. त्यातले एक आमचे मेहुणे.

वडिलांच्या जुन्या फोटोंच्या डिस्क करायच्या होत्या. मेहुण्यांनी आपला यूएसबी रायटर दिला आणि वर टोमणा मारला, "तुझ्या फुकटच्या लिनक्सला झेपेल का हे?" पहिली डिस्क ६० टक्क्यांवर मेली, दुसरी ४० वर. केथ्रीबी हे डिस्क लिहायचं सॉफ्टवेअर बदलून एक्सएफबर्न वापरलं, वेग कमी केला, डिस्कची कंपनी बदलली. अकरा डिस्क वाया गेल्या. मेहुण्यांच्या विंडोज लॅपटॉपवर मात्र तोच रायटर पहिल्या फटक्यात चालला. त्यानंतर प्रत्येक सणाला हा किस्सा जेवणाच्या पानावर वाढला जायचा.

शेवटी कर्नलचा लॉग, म्हणजे त्याने ठेवलेली घडामोडींची नोंद, नीट वाचला. दर वेळी लिहिता लिहिता ड्राइव्ह यूएसबीवरून गायब होत होता आणि पुन्हा जोडला जात होता. मी तो एका स्वस्त हबला (एका पोर्टचे अनेक करणाऱ्या डबीला) लावला होता, त्याच हबवर कीबोर्ड आणि माउसही होते. यूएसबी २ च्या पोर्टला ५०० मिलिअँपिअरची मर्यादा, त्यात अख्खा हब भागवायचा. लिहिताना एकट्या स्लिम ड्राइव्हलाच ती जेमतेम पुरते, कधी कमीही पडते. हब काढला, थेट मागच्या पोर्टला लावला, बारावी डिस्क सुरळीत झाली. मेहुण्यांना लॉग दाखवला तर म्हणाले, "पण विंडोजवर चाललं ना?" अहो, तुमच्याकडे हबच नव्हता!

तेव्हा डेस्कटॉप असेल आणि कॅबिनेटमध्ये जागा असेल तर साटाचा (कॅबिनेटच्या आत जोडायचा) मोठा ड्राइव्हच घ्या. त्याला वीज थेट एसएमपीएसमधून, म्हणजे कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून मिळते. लॅपटॉप असेल तर दोन यूएसबी पिना असलेल्या केबलचा, नाहीतर स्वतंत्र अडॅप्टरचा घ्या. कंपनीवरून डोकं खाजवू नका.

दोन गोष्टी राहिल्या. फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतला प्रोग्रॅम) अपडेट करायचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा विंडोजपुरतंच असतं, तेवढ्यापुरता कुणाचा तरी लॅपटॉप मागावा लागेल (मी मेहुण्यांचा मागत नाही). आणि ब्लू-रे रायटर घेतलात तर २५ जीबीच्या डिस्कवर डेटा आरामात लिहाल, पण विकतचे सिनेमे कुलूपबंद असतात. ते लिनक्सवर सहज लागतील असं समजू नका.

आणि डिस्क लिहायला लावताना पडताळणीची खूण करा, म्हणजे लिहिलेलं परत वाचून तपासलं जातं; ती पूर्ण झाल्याशिवाय उठू नका. मेहुण्यांनी ती कधीच केली नाही. त्यांच्या त्या पहिल्या फटक्यातल्या डिस्कवरचे शेवटचे तीस-चाळीस फोटो उघडत नाहीत. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.