पिवळं दिसलं म्हणून भुलू नको
नागपूरची सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्हाची, म्हणून ज्वालामुखी खडकातलं तांबं-सोनं इथं बसून समजेल असं नाही बरं. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियातलं माउंट लायेल घे, तांब्या-सोन्याच्या खाणीची जागा: कॅम्ब्रियन काळातले, म्हणजे सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वीचे ज्वालामुखी खडक, आणि गरम द्रावणांनी ते पार बदलून सेरिसाइट (बारीक पांढुरका अभ्रक) आणि क्लोराइट (हिरवट खनिज) झालेले. म्हणून कोअर, म्हणजे जमिनीत भोक पाडून काढलेला खडकाचा दांडा, हाती आला की आधी पाण्यानं ओला कर, भिंग डोळ्याशी धर, हिरवट क्लोराइट शोध. पिवळं चमकलंच तर चाकूचं टोक लाव. चाल्कोपायराइटवर, म्हणजे तांब्याच्या पिवळ्या खनिजावर, ओरखडा उठतो; पायराइटवर, म्हणजे सोन्यासारख्या दिसणाऱ्या लोखंड-गंधकाच्या खनिजावर, नाही. बिनचकाकीच्या टाइलवर घासलं की चाल्कोपायराइटची रेघ हिरवट काळी, सोन्याची पिवळी. मी पहिल्याच वर्षी पायराइटला सोनं समजून पेढे वाटले होते! अशा खडकातलं सोनं बहुधा डोळ्यांना दिसतच नाही, ते प्रयोगशाळेच्या अहवालात सापडतं. आणि मध्य प्रदेशात मलांजखंडच्या तांब्याच्या खाणीवर गेलास तर घोळ घालू नको, तिथलं तांबं ग्रॅनाइटातलं आहे, ज्वालामुखी खडकातलं नाही.