बदली होऊन नव्या मंडळीत (चर्चमध्ये) आलेल्या पाळकाने, म्हणजे पास्टरने, आधी काय करावं?

आधी घरभेटी करा; उपासनेची वेळ, गीतं, बसायची पद्धत यातलं काहीही पहिले सहा महिने बदलू नका. मी नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीच्या पास्टरेट कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीत आहे, तीन पाळकसाहेब येता-जाताना पाहिलेत. सुरुवात अंथरुणाला खिळलेल्यांपासून करा. त्यांच्या उशाशी शिवण उसवलेलं गीतांचं पुस्तक असतं. त्यातलं त्यांच्या आवडीचं गीत, बहुधा ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचंच, त्यांच्या चालीत सोबत म्हणा. एवढ्यानेच अख्खं घर आपलं होतं. आधीच्या पाळकांची उणीदुणी निघाली तर ऐकून घ्या, भर घालू नका. अपवाद एकच: अर्पणाच्या हिशेबात गोंधळ दिसला तर सहा महिने थांबू नका, पहिल्याच बैठकीत कमिटीपुढे ठेवा.