जर्मनीत शिकताना जर्मन जेमतेम येत असेल, तर मित्र कसे करायचे?

तुम्ही लिहिलंय की शिक्षण इंग्रजीत आहे, जर्मन ए१, म्हणजे पहिली पातळी, झालंय, सहा महिन्यांत एकही जर्मन ओळखीचा झाला नाही, आणि आता आधी बी१, म्हणजे तिसरी पातळी, करावं, मगच लोकांत मिसळावं असं वाटतंय. तो विचार सोडा. माझं अख्खं पहिलं वर्ष त्याच विचारापायी वाया जात होतं, म्हणून लिहायला बसले.

मी सॅक्सनी राज्यातल्या ड्रेस्डेनला होते. माहेर कराडजवळचं, घरी ऊस आणि भुईमूग. फ्लॅटमध्ये आम्ही चौघी, सगळ्या भारतीय. त्यातली एक ताई माझ्याहून दोन वर्षांनी सीनियर, बी२, म्हणजे चौथी पातळी, झालेली. जर्मन खरंच उत्तम बोलायची. पहिल्याच महिन्यात बेकरीत मी ‘डी ब्रोट’ म्हणाले. आपली भाकरी ‘ती’, म्हणून तोंडातून तेच आलं. ब्रोट म्हणजे पाव, पण जर्मनमध्ये तो नपुंसकलिंगी, म्हणून पाहिजे होतं ‘दास ब्रोट’. ताईने रांगेतल्या लोकांसमोर मला थांबवलं, वाक्य परत म्हणायला लावलं, आणि बाहेर आल्यावर म्हणाली, “व्याकरण पक्कं होईपर्यंत तोंड उघडू नकोस. आपल्या सगळ्यांचीच लाज जाते.”

मी उघडलं नाही. पुढचे पाच-सहा महिने लॅब, मेन्सा (विद्यापीठाची खानावळ) आणि घर. दुकानात बोटाने दाखवायचं आणि पैसे द्यायचे.

आमच्या घरामागे क्लाइनगार्टनची, म्हणजे लोकांनी भाड्याने घेतलेल्या छोट्या बागांची, वसाहत होती. तुमच्याही गावात असेलच. एका बागेला कायद्याने ४०० चौरस मीटरची मर्यादा, म्हणजे आपले चार गुंठे. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी सत्तरी ओलांडलेले एक आजोबा तिथे एकटेच माती उलटत होते. दोन घाव घालायचे, कमरेला हात लावून उभे राहायचे. मला बघवेना. कुंपणाशी जाऊन म्हणाले, “इश हेल्फन?” क्रियापद चुकलेलं, मला तेव्हाही माहीत होतं. ते म्हणाले, “नू.”

मला वाटलं, नको म्हणाले. मान खाली घालून घरी आले. ताईचं बरोबर होतं असं वाटून त्या रात्री खूप रडले.

दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या एका ड्रेस्डेनच्या मुलीला सांगितलं, तर ती म्हणाली, “अगं, सॅक्सन बोलीत ‘नू’ म्हणजे हो!” हा शब्द कुठल्याच क्लासात कोणी शिकवला नव्हता. बी२ झालेल्या ताईलाही तो माहीत नव्हता, कारण ती कधी कोणाच्या कुंपणाशी जाऊन उभीच राहिली नव्हती.

त्याच संध्याकाळी परत गेले. आजोबांनी काही न विचारता फावडं हातात दिलं. तासाभरात दोन वाफे झाले. मी सरी कशी ओढते ते आजोबा बघत राहिले आणि आत जाऊन बायकोला बोलावून आणलं. कॉफीला ते ‘गाफे’ म्हणायचे, तिकडे क, ट, प सगळे मऊ होतात. ती गाफे पीत आम्ही तिघं बाकावर बसलो आणि अर्धा तास जवळजवळ काहीच बोललो नाही. त्या देशात आल्यापासून मला पहिल्यांदा अवघडल्यासारखं वाटलं नाही.

नंतर आठवड्यातून दोनदा जायला लागले. एप्रिलअखेर मी टोमॅटोची रोपं लावायला काढली, तर आजी “आइसहायलिगे! आइसहायलिगे!” म्हणत धावत आल्या. मला कळेना. आजोबांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर थर्मामीटर काढला, त्याखाली ११ ते १५ मे लिहिलं आणि शेवटच्या तारखेला गोल केला. आइसहायलिगे म्हणजे ‘बर्फाचे संत’. त्या संतांच्या दिवसांत शेवटचं हिमदंव पडतं असं मानतात, शेवटचा म्हणजे काल्टे सोफीचा (‘थंड सोफी’चा) दिवस उलटल्याशिवाय नाजूक रोपं बाहेर लावायची नाहीत. आपण पेरणीला मृगाची वाट बघतो, तसंच. हे मी त्यांना कसं सांगितलं असेल? त्याच पुठ्ठ्यावर ढग आणि ७ जून काढून. पुठ्ठा अजून माझ्याकडे आहे.

मेमध्ये स्वयंपाकघरातली मेथी नेऊन टाकली, चार दिवसांत वर आली. तिला त्यांच्याकडे ‘बॉक्सहोर्नक्ले’ म्हणतात, बोकडाच्या शिंगावरून, शेंगा तशाच असतात ना. मी मेथीचे पराठे नेले आणि त्यांनी बागेतले नवलकोल दिले.

ऑगस्टमध्ये आजोबांनी हात पुढे करून आपलं पहिलं नाव सांगितलं आणि म्हणाले, आता ‘सी’ (तुम्ही) नको, ‘डू’ (तू) म्हण. ‘डू’ मोठ्यांनी द्यायचं असतं, आपण होऊन घ्यायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. पण सत्तरीच्या माणसाला अरे-तुरे? जीभ वळेना. मग आठवलं, आपण आजीला ‘अगं आजी’च म्हणतो की.

त्याच दिवशी मी त्यांना विचारलं, माझ्या चुकांचा राग येत नाही का? आजोबा पूर्व जर्मनीत वाढलेले. तिथे शाळेत पाचवीपासून रशियन सक्तीचं होतं, म्हणूनच त्यांना इंग्रजी येत नव्हतं. ते म्हणाले, “मी वर्षानुवर्षं रशियन शिकलो, व्याकरणाला चांगले गुण होते. एकाही रशियन माणसाशी दोस्ती झाली नाही.”

ताई, तू हे वाचत असशील तर हे तुझ्यासाठी. मराठीलाही तीन लिंगं आहेत. पुण्यात आलेला बिहारी मुलगा ‘माझा आई’ म्हणाला तर आपली लाज जाते का? उलट तो आपली भाषा बोलायला बघतोय याचं बरं वाटतं. मग आपल्याच पोरींना गप्प का बसवायचं?

आता तुमचं. टँडमवर, म्हणजे एकमेकांना आपापली भाषा शिकवायच्या जोडीवर, फार भिस्त ठेवू नका. समोरासमोर बसून ‘छंद काय’ विचारण्यात दोघंही अवघडतात. हातात काम असेल तिथे जा. मला माती येत होती. तुम्हाला सायकल दुरुस्ती येत असेल, स्वयंपाक येत असेल. माझ्या वयाच्या मैत्रिणी मात्र बागेत मिळाल्या नाहीत, हे खरं सांगते. त्या दोघी विद्यापीठाच्या बॅडमिंटनमध्ये भेटल्या, पण तोवर बागेत माझी जीभ सुटली होती. बी१ मी पुढच्या वर्षी पास झाले, आर्टिकल (‘डी’, ‘दास’ वगैरे) अजूनही चुकतात.

आणि डॉक्टर, घराचा करार, व्हिसाचं ऑफिस इथे तुटक्या भाषेवर जाऊ नका, चांगलं जर्मन येणारं कोणीतरी बरोबर न्या. माझ्याबरोबर प्रत्येक वेळी ताईच आली, हेही सांगायला हवं.

बागांकडे जाणार असाल तर संध्याकाळी पाचनंतर जा. बऱ्याच ठिकाणी दुपारी एक ते तीन शांततेची वेळ असते. आणि सॅक्सनीत असाल तर ‘नू’ ऐकून परत फिरू नका.