इंजिन शांत झाले तरी गाडी चालूच असते

बडोद्याच्या रावपुऱ्यात पंधरा वर्षे गिअरची गाडी चालवल्यावर आता इंग्लंडमधल्या लेस्टरला ऑटोमॅटिक, त्यातही सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी मिळणार आहे, ती सुरू कशी करायची, असे आपण विचारले आहे. मी बडोद्याच्याच दांडिया बाजारातून येथे आलो तेव्हा अशाच गाडीने मला घाम फोडला होता, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सकाळी गिअर ‘पी’वर, म्हणजे पार्कवर, आहे ना ते पाहावे, उजव्या पायाने ब्रेक घट्ट दाबावा आणि मगच बटण दाबावे. ब्रेक न दाबता बटण दाबले तर डॅशबोर्डवरचे दिवे लागतात, रेडिओ बोलू लागतो, पण इंजिन काही सुरू होत नाही. बॅटरी उतरली असे समजून मी भल्या पहाटे शेजाऱ्याला उठवले होते. डावा पाय बाजूलाच ठेवावा, कारण क्लच समजून त्याने ब्रेक दाबला गेला तर गाडी भर रस्त्यात गचकन थांबते.

खरी सवय लागते ती सिग्नलची. काळ्या घोड्याच्या सिग्नलवर पेट्रोल वाचवायला आपण किल्ली फिरवतो, तेच काम येथे गाडी स्वतः करते. ती पूर्ण उभी राहिली की ब्रेक दाबलेला असतानाच इंजिन बंद होते आणि ब्रेक सैल करताच पुन्हा सुरू होते. गाडी बंद पडली असे वाटून हात आपसूक बटणाकडे जातो, पण तेव्हा ते दाबले तर बहुतेक गाड्यांत इग्निशनच बंद होते आणि हिरवा दिवा लागल्यावर सगळे पहिल्यापासून करावे लागते. याहून धोक्याची चूक म्हणजे दुकानासमोर इंजिन शांत झाले म्हणून ‘डी’मध्येच, म्हणजे गाडी पुढे नेणाऱ्या गिअरमध्येच, उतरू पाहणे, कारण पाय उचलताच इंजिन सुरू होऊन गाडी पुढे सरकू शकते. उतरताना आधी ‘पी’, मग हँडब्रेक, मग बटण, हा क्रम कधीही मोडू नये.

थंडीत इंजिन गार असताना किंवा बॅटरी कमी भरलेली असताना ही यंत्रणा मुळीच काम करत नाही. तो बिघाड नव्हे. नकोच असेल तर गोल बाणातल्या ‘ए’चे बटण दाबून ती बंद करता येते, मात्र बहुतेक गाड्यांत गाडी सुरू केल्यावर दर वेळी नव्याने. जुनी गाडी घेतलीत आणि बॅटरी बदलण्याची वेळ आली, तर स्वस्त म्हणून साधी बॅटरी बसवू नका. या गाड्यांना वारंवार स्टार्ट सोसणारी एजीएम किंवा ईएफबी बॅटरी लागते, आणि ती महाग असते.