‘ग्राहक’ की ‘ग्राही’?

प्रश्न असा आला आहे: कर्करोगाच्या गाठीचा रक्तपुरवठा तोडणाऱ्या औषधाविषयी मराठीत वाचताना ‘गाठीवरील ग्राहक बंद केले जातात’ असं वाक्य दिसलं. इथे ग्राहक कोण?

इथे रिसेप्टर म्हणायचं आहे, म्हणजे बाहेरून आलेला निरोप धरणारं पेशीवरचं प्रथिन. व्युत्पत्तीने ‘ग्राहक’ चूक नाही. ‘ग्रह्’ म्हणजे घेणे, धरणे. ग्राहक आणि ग्राही दोन्ही त्याच धातूचे. पण मराठीत ग्राहक म्हटलं की गिऱ्हाईकच डोळ्यांपुढे येतं (आणि गिऱ्हाईक हे ग्राहकाचंच रूप). म्हणून ‘ग्राही’ घ्यावा. गुणग्राही, हृदयग्राही आपल्या ओळखीचे आहेत. आयुर्वेदात मात्र ‘ग्राही’ म्हणजे मळातला द्रव शोषून तो बांधणारं औषध, सुंठ-जिऱ्यासारखं. त्यामुळे पहिल्यांदा लिहिताना ‘पेशीवरील ग्राही’ असं पुरतं लिहावं.

मला जास्त खटकतं ते ‘गाठीवरील’. एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायला गाठीला नव्या रक्तवाहिन्या लागतात, हे अमेरिकी शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं. प्राणवायू कमी पडला की गाठीतल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन बाहेर सोडतात. ते धरणारे ग्राही मुख्यतः शेजारच्या निरोगी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर असतात. ग्राहीचं एक टोक पेशीबाहेर, दुसरं आत. प्रथिन बाहेर चिकटलं की दोन ग्राही जोडीने जवळ येतात, त्यांची आतली टोकं एकमेकांवर फॉस्फेट (एक छोटा रासायनिक गट) चढवतात, आणि पेशीला निरोप मिळतो: वाढ, पुढे सरक. मग वाहिनीला गाठीच्या दिशेने धुमारे फुटतात. म्हणजे हाक गाठीची, कान रक्तवाहिनीचे. ‘गाठीवरील’ म्हटलं की सगळं चित्रच उलटं होतं.

या फुटण्याला पुस्तकी शब्द ‘वाहिनीजनन’. तो बरा आहे, पण रुग्णाच्या घरच्यांशी बोलताना मी ‘रक्तवाहिनीला नवे फाटे फुटणे’ म्हणेन. कालव्याला फाटा असतो, रस्त्याला असतो. समजावून सांगावं लागत नाही.

‘बंद केले जातात’ हेही सरसकट लिहू नये. अमेरिकेत २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्यता मिळालेलं बेव्हॅसिझुमॅब हे औषध ग्राहीला हातही लावत नाही. ते व्हीईजीएफलाच वाटेत धरतं. रामुसिरुमॅब बाहेरून ग्राहीवर बसतं, तर सुनिटिनिब पेशीत शिरून ग्राहीच्या आतल्या टोकाचं काम थांबवतं. ‘ग्राहीरोधक’ हा शब्द या शेवटच्या दोघांना शोभतो, पहिल्याला नाही.

तुमचं वाक्य बेव्हॅसिझुमॅबबद्दल असेल तर मी असं लिहीन: ‘हे औषध गाठीने सोडलेलं प्रथिन अडवतं, त्यामुळे ते प्रथिन रक्तवाहिनीच्या ग्राहींपर्यंत पोचत नाही आणि नवे फाटे फुटणं मंदावतं.’